परसातला सब्जा

उन्हाळ्यात सरबतासाठी आपण विकत आणतो तो सब्जा परसातही सहज येतो. तुळशीच्याच जातकुळीचे हे झाड. चार रोपे पुरेत. बी बारीक असते, ते खोल पुरू नये. वर पातळ माती भुरभुरावी. ऊन असावे, पाणी साचू नये. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. पानांसाठी ठेवलेल्या दोन झाडांचे तुरे दिसताच खुडावेत. बियांसाठी दोन राखावीत. तुरे वाळून तपकिरी झाले की कापून कापडावर चोळावेत.

एक सावधगिरी : कोरडे बी ओलावा लागताच फुगते व घशात अडकू शकते. ते भरपूर पाण्यात १५ मिनिटे भिजवून, पूर्ण फुगल्यावरच द्यावे. बियांचा डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा उंचावर ठेवावा.