बालवर्गांतील खेळ हा वेळेचा अपव्यय काय ?

आमच्या शहरांतील एका व्यापारी गृहस्थांचें पत्र गेल्या आठवड्यांत आमच्याकडे आलें. पत्राची भाषा सभ्य आहे, पण तींतील त्रागा लपत नाहीं. त्यांचा मुलगा चार वर्षांचा. त्यास जून महिन्यांत एका बालवर्गांत घातलें, फी वेळच्या वेळीं भरली, आणि सहा महिन्यांनीं त्याची वही उघडून पाहतात तों ती जवळजवळ कोरी! 'काय शिकलास म्हणून विचारावें तर म्हणतो, मातीचा बैल केला. बैल करावयास शिकविण्यासाठीं का आम्ही पैसे भरतों ?' असा त्यांचा सवाल आहे. कांहीं पालकांनीं मिळून शाळेच्या चालकांस एक अर्जही केला आहे. खेळाचा वेळ निम्मा करून त्या जागीं लेखनाचा तास घालावा व रोज एक पान घरीं लिहावयास द्यावें, ही त्यांतील मागणी. तिचा विचार करण्यासाठीं येत्या शनिवारीं पालकांची सभा भरावयाची असून, आम्हीं या अर्जास आमच्या पत्रांतून पाठिंबा द्यावा, अशी पत्रकर्त्यांची इच्छा दिसते.

ती इच्छा पुरी करणें आम्हांस शक्य नाहीं. मात्र पत्रकर्त्यांस अडाणी ठरवून मोकळें होण्याचाही आमचा विचार नाहीं. पैसा देणारानें मालाची चौकशी करूं नये असें कोण म्हणेल ? प्रश्न इतकाच कीं, हा माल कोणत्या तराजूंत तोलावयाचा. आम्ही पडलों वकिलीच्या धंद्यांतले. साक्षीपुराव्यावांचून निकाल देण्याची आम्हांस संवय नाहीं. म्हणून पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं, शाळेच्या बाईंची परवानगी घेऊन, त्याच वर्गाच्या कोपऱ्यांत एका बुटक्या बाकावर आम्ही अडीच तास बसून आलों. गुडघे हनुवटीस लागत होते, पण त्याची तक्रार येथें करीत नाहीं.

मुलें आलीं तीं चपला ओळीनें लावून आंत आलीं. डावी चप्पल कोणती व उजवी कोणती याचा दोघांत वाद झाला; बाईंनीं तो सोडविला नाहीं; मुलांनींच पायांत घालून पाहून सोडविला. नंतर सर्वांनीं गोल बसून दोन गाणीं म्हटलीं. गाणीं म्हणतांना तीं टाळ्या वाजवीत होतीं, आणि ताल चुकणारें मूल शेजाऱ्याकडे पाहून आपला हात सुधारीत होतें. मग ज्याला जें काम हवें तें त्यानें घ्यावें अशी मोकळीक मिळाली. एक मुलगी दोन लहान तांब्यांत पाणी इकडचें तिकडे ओतीत होती. पाणी सांडलें. आमच्या घरीं अशा वेळीं जो आवाज उठला असता तो येथें उठला नाहीं. मुलगी उठली, खुंटीवरचें फडकें आणलें, फरशी पुसली आणि पुन्हा ओतावयास बसली. या वेळीं तिनें तांब्या दोन्ही हातांनीं धरला. एक मुलगा चिंचोके, वाल आणि सागरगोटे यांची मिसळ निवडून तीन वाट्यांत भरीत होता. निवडून झाल्यावर चिंचोके जास्त कीं वाल जास्त, हें ठरविण्यासाठीं त्यानें दोहोंच्या ओळी शेजारीं शेजारीं मांडल्या. त्याला अंक लिहितां येत नाहीं. परंतु दोन राशींची एकास एक जोडी लावून अधिकउणें ठरविणें हाच अंकगणिताचा पाया होय, हें गणिताचा कोणताही जाणता शिक्षक सांगेल. घोकून शंभरापर्यंत म्हणणाऱ्या पुष्कळ मुलांस सात मोठे कीं नऊ मोठे हें सांगतां येत नाहीं. त्यांच्याजवळ शब्द असतात, संख्या नसते.

व्यापारी वाचकांनीं लक्षपूर्वक ऐकावा असा प्रसंग यानंतरचा. चार मुलांनीं खोक्यांचें दुकान मांडलें. पानें म्हणजे भाजी, खडे म्हणजे साखर, आणि चिंचोके म्हणजे नाणें. दुकानदार एक मुलगी होती. गिऱ्हाइकानें तीन चिंचोके पुढें केले, तर हिनें साखर देतांना पुडी बांधावयासाठीं पान निवडलें, लहान निघालें म्हणून मोठें घेतलें, आणि 'आतां सुटे नाहींत, संध्याकाळीं या' असें अशा सुरांत सांगितलें कीं, तिच्या घरच्या पेढीवर कोण बसतें याची आम्हांस खात्री पटली. या पांच मिनिटांत बोलणें, ऐकणें, मोजणें, आपली पाळी येईपर्यंत थांबणें आणि दुसऱ्याच्या जागीं आपण आहों असें मानून वागणें, इतक्या गोष्टी झाल्या. यांपैकीं एकही वहींत उतरत नाहीं.

आणि तो बैल ? तोही आम्हीं पाहिला. पत्रकर्त्यांचे चिरंजीव आम्हांस ओळखूं आले, कारण बैल करणें हाच त्यांचा उद्योग चालू होता. बैलाचीं शिंगें वारंवार गळून पडत होतीं. पहिल्यानें त्यांनीं पाणी अधिक घातलें. शिंगें अधिकच वांकलीं. मग माती कोरडी घेतली. तिला भेगा पडल्या. तिसऱ्या खेपेस मधली माती साधली व शिंगें उभीं राहिलीं. या मुलानें एका सकाळींत दोन चुका केल्या, दोहोंचें कारण शोधलें आणि तिसऱ्यानें काम तडीस नेलें. आमच्या ओळखीच्या कित्येक पदवीधरांस हें साधत नाहीं.

आतां लेखनाच्या तासाविषयीं. मनुष्याच्या मनगटांत आठ लहान हाडें असतात. मूल जन्मतें तेव्हां त्यांतील एकही पुरतें हाड झालेलें नसतें. सर्व कूर्चा असते, व ती वर्षांमागून वर्षें जात हळूहळू घट्ट होते. चवथ्या वर्षीं यांपैकीं निम्म्याअधिक हाडांचें काम व्हावयाचें किंवा पुरें व्हावयाचें असतें. बोटांचे बारीक स्नायूही अशाच बेतानें तयार होतात. अशा हातांत पेन्सिल देऊन पानभर 'अ' काढावयास लावणें म्हणजे ओल्या भिंतीवर वासे चढविणें होय. माती मळणें, मणी ओंवणें, बटण लावणें, पाणी ओतणें ही त्याच हाताची लेखनासाठींची तयारी आहे. बैल करणारा मुलगा लिहावयास शिकत नाहीं असें नाहीं. तो लेखणीच्या आधींचा धडा शिकत आहे.

'आम्ही नाहीं का छड्या खाऊन शिकलों ?' असा प्रश्न या ठिकाणीं ठरलेला असतो. पंतोजींच्या शाळेचा अभिमान आम्हांसही आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांच्या जोरावर आपल्या पेढ्या कागदावांचून हिशेब करीत होत्या, हें आम्ही जाणतों. परंतु त्या शाळेंत प्रथम काय देत असत ? धुळपाटी. फळीवर धूळ पसरून तींत बोटानें अक्षर गिरवावयाचें. चुकलें तर हात फिरविला कीं पाटी पुन्हा कोरी. अक्षराचा आकार डोळ्यांच्या आधीं बोटांस कळावा ही युक्ति आमच्या पूर्वजांस माहीत होती. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब मजुरांच्या वस्तींत आपलें बालगृह काढलें, तेव्हां त्यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून मुलांस बोटानें गिरवावयास दिलीं. तत्त्व तेंच. त्यांनीं तें शास्त्र म्हणून वाढविलें. आम्हीं मात्र धुळपाटी टाकून दिली आणि छडी तेवढी जपून ठेवली!

तथापि या नव्या शिक्षणाचें श्रेय सर्वस्वी परदेशास देण्याचें कारण नाहीं. काठेवाडांत वकिली करणारे गिजुभाई बधेका यांस मुलगा झाला आणि त्याच्या शिक्षणाच्या चिंतेनें ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले. पुढें वकिली सुटली ती सुटलीच. १९२० सालीं भावनगर येथें त्यांनीं दक्षिणामूर्तीचें बालमंदिर सुरू केलें, आणि १९३९ सालीं देह ठेवीपर्यंत त्याच कामांत राहिले. लोक त्यांस कौतुकानें 'मिशाळ आई' म्हणत. आमच्या धंद्यांतील मनुष्यास यापेक्षां मोठी पदवी मिळाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांस जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ सालीं ताराबाईंनीं दादर येथें शिशुविहार काढला. पण त्यांचें खरें मोल पुढें आहे. माँटेसरीबाईंचीं साधनें सुबक, परंतु महाग. गरिबाच्या मुलानें तीं कोठून आणावीं? १९४५ सालीं बोर्डीस जाऊन ताराबाईंनीं खडे, शिंपले, बिया, पानें आणि माती यांचींच साधनें केलीं. अनुताई वाघ तेथेंच त्यांच्या सहकारी झाल्या व पुढें कोसबाडच्या टेकडीवर तें काम दोघींनीं वाढविलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, म्हणून अंगणांतील बालवाडी निघाली; मोठीं मुलें गुरें राखावयास जातात, तर गुरें चरतात तेथेंच शिकवावें, म्हणून कुरणशाळा निघाली. आमच्या शहरांतील ज्या बालवर्गांच्या दारावर विलायती फळांफुलांचीं नांवें झळकतात, त्यांच्या चालकांस हा इतिहास ठाऊक असेल काय याची शंकाच आहे.

सरकारनें २०२० सालच्या शिक्षण धोरणांत तीन ते आठ वर्षांपर्यंतचा काळ हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यांत खेळ व कृति यांस मुख्य स्थान दिलें. भावनगरच्या बालमंदिरास त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं. सरकारी गाडी पोहोंचावयास लागणारा वेळ वाचकांस नवा नाहीं.

धोरण निराळें आणि कायदा निराळा, हें मात्र येथें सांगितलें पाहिजे. १९५० सालच्या मूळ घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदांत दहा वर्षांच्या आंत चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व बालकांस मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्यानें प्रयत्न करावा, असें होतें. त्यांत सहा वर्षांखालील मूल वगळलेलें नव्हतें. २००२ सालच्या ८६ व्या दुरुस्तीनें सहा ते चौदा या वयास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, हें योग्यच झालें. पण सहा वर्षांखालील बालक ४५ व्या अनुच्छेदांतच राहिलें, म्हणजे जेथें राज्य केवळ 'प्रयत्न' करणार, आणि ज्यासाठीं कोर्टांत दाद मागतां येत नाहीं, तेथें. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें ११ वें कलम पाहावें : तीन वर्षांवरील मुलांच्या पूर्वशिक्षणाची सोय सरकारला 'करतां येईल'. 'केली पाहिजे' आणि 'करतां येईल' या दोन शब्दप्रयोगांतील अंतर ज्यांनीं कोर्टाची पायरी चढली आहे त्यांस समजावून सांगण्याची जरूरी नाहीं. त्या अंतरांत कोट्यवधि मुलें उभीं आहेत. त्यांस सांभाळणाऱ्या अंगणवाड्या १९७५ पासून चालू असून त्यांची संख्या सुमारें चौदा लाखांवर गेली. पण तेथील सेविकेस मिळतें त्यास पगार न म्हणतां मानधन म्हणावयाचें, असा रिवाज आहे. तिला ग्रॅच्युइटी मिळावी कीं नाहीं, एवढ्यासाठीं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत न्यावें लागलें व २०२२ सालीं तिच्या बाजूनें निकाल झाला. आपल्या मुलाचा पाया घालणारीस आपण काय देतों, हा प्रश्न आमच्या व्यापारी पत्रकर्त्यांनींही स्वतःस एकदां विचारावा.

पालकांच्या मनांतील खरी भीति आम्हांस ठाऊक आहे. ती बैलाची नसून पहिल्या इयत्तेच्या दाराची आहे. 'तेथें मुलास वाचून दाखवावयास लावतात. नाहीं आलें तर प्रवेश नाहीं.' या भीतींत तथ्य आहे. असे प्रकार चालतात. परंतु त्याच कायद्याच्या १३ व्या कलमानें प्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा त्याच्या आईबापांची चाळणी करण्यास मनाई केली असून, पहिल्या गुन्ह्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येकास पन्नास हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे अपराध करणार मोठी शाळा, आणि शिक्षा भोगणार चार वर्षांचें मूल, असा हा उलटा न्याय झाला. जो अर्ज बालवर्गाच्या चालकांकडे गेला तो वस्तुतः शिक्षणाधिकाऱ्यांकडे, त्या चाळणी घेणाऱ्या शाळांविरुद्ध, जावयास हवा होता. सह्या त्याच चालतील. वरचा मजकूर आणि पत्ता मात्र बदलावा लागेल.

बालवर्ग म्हणून जें जें चालतें तें सर्व चांगलें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जेथें चाळीस मुलें एका अंधाऱ्या खोलींत कोंबून खेळाच्या नांवाखालीं नुसतीं बसवून ठेवतात, तेथें पालकांनीं अवश्य भांडावें. बाई किती मुलांमागें एक आहे, खेळावयास अंगण आहे काय, मुलांशीं त्यांच्या घरच्या भाषेंत बोलतात काय, गोष्ट रोज सांगतात काय, मारतात काय, हे प्रश्न सभेंत खुशाल विचारावे. आम्हीं पाहिलेल्या वर्गांत तरी त्यांचीं उत्तरें बरीं मिळालीं, एक अंगण तेवढें लहान आहे.

शनिवारच्या सभेस आम्ही जाणार आहों. पत्रकर्त्यांस आमची विनंति एवढीच कीं, अर्जावर बोलावयास उभें राहण्यापूर्वीं शुक्रवारीं सकाळीं दुकान तासभर उशिरां उघडावें आणि त्या बुटक्या बाकावर जाऊन बसावें. बाईंस आम्हीं सांगून ठेविलें आहे. बैल अजून वाळला नव्हता. शुक्रवारपर्यंत वाळेल, मग त्यास रंग द्यावयाचा आहे, असें त्यांच्या चिरंजीवांनीं आम्हांस स्वतः कळविलें आहे.