जनसुनावणीची नोटीस दुकानदारानेही वाचावी

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा आमच्या सुलतानपुरात दुकानादुकानांवर तर्कांना ऊत आला होता. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. खारटपणा वाढल्याने मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले व रंग बदलला, हा निष्कर्ष उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला, वृत्तपत्रांत छापला गेला आणि अफवांना लगाम बसला.

यात व्यापाऱ्याचे काय, असे कोणी विचारील. उद्या पंचक्रोशीत मोठी खाण वा कारखाना आला तर विहिरीचे पाणी, वीटभट्टीची माती, गवंड्याची वाळू, दुकानातील मालावर बसणारी धूळ हे सारे आपलेच प्रश्न आहेत. अशा बहुतेक मोठ्या प्रकल्पांना केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी लागते. किमान ३० दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात व एका स्थानिक भाषेतील दैनिकात नोटीस द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवतात. उद्योग केंद्रात कर्जाच्या कामाने आपण जातोच. तेथेच तो मागावा. खरे सांगायचे तर अशी नोटीस दिसली की आम्हीही पान उलटतो!

पण कागद आपल्या भाषेत नसेल तर? मार्च २०२० मध्ये याच नियमांचा नवा मसुदा केंद्राने इंग्रजी व हिंदीत काढला. मराठी कारागिराने त्यावर हरकत ती काय घ्यावी? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली व आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवादाचा आदेश दिला. केंद्राने मात्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले.

कागद दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. मराठीत साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणूनच नोटीस दिसताच अर्ज करावा, सुनावणीच्या आदल्या दिवशी नव्हे.

सुनावणीत हजर असलेल्या कोणालाही बोलता येते. लेखी म्हणणेही देता येते. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून वाचले जाते. आपला मुद्दा त्यात आला की नाही, हे ऐकल्याशिवाय बंधूंनी जागचे उठू नये.