दोष माणसाचा, यंत्राचा की तारेचा?

सांप्रत पेढीवर चोपडीच्या शेजारी संगणक येऊन बसला आहे. वखारीतील साठा आणि गादीवरील बिले एका केबलने जोडली गेली आहेत. ती केबल बिघडली, की माल भरलेली गाडी दारात उभी राहते आणि बिल निघत नाही. अशा वेळी आपण प्रथम माणसास दोष देतो, मग यंत्रास आणि केबलकडे सर्वांत शेवटी पाहतो. वस्तुतः हा क्रम उलट हवा.

केबल संगणकात जेथे शिरते, तेथील लहान दिवा पाहावा. तो लागत नसेल, तर केबल दोन्ही टोकांस काढून ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावी. तरीही न लागल्यास खात्रीची दुसरी केबल लावावी. दिवा लागला, तर दोष पहिल्या केबलचा. नाही तर स्विचवरील पोर्ट बदलावा. त्यानेही न भागल्यास तीच केबल दुसऱ्या संगणकास जोडावी. तेथे ती चालली, तर पहिल्या संगणकाचे नेटवर्क कार्ड तपासावे. यूएसबीचे अ‍ॅडॉप्टर लावताच काम सुरू झाले, तर संशय पक्का होतो. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी. तराजूविषयी शंका आली असता आपण काटा आणि वजने एकदम बदलीत नाही, तसेच हे.

दिवा लागला म्हणजे सर्व ठीक, असेही नव्हे. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. 100 मेगाबिटच्या वेगास दोन जोड्या पुरतात, 1000 साठी चारही लागतात. म्हणून एखादी जोडी तुटली असता काम पुष्कळदा चालू राहते, पण मंदावते. केबलची लांबीही 100 मीटरपेक्षा अधिक नसावी.

आमच्या वखारीतील संगणक अधूनमधून बंद पडे. मी कारकुनास चारचौघांत निष्काळजी म्हटले आणि नवे कार्डही आणविले. अखेर तंत्रज्ञाने केबल तपासणीच्या यंत्रास जोडली. ती हलविताच तिसऱ्या तारेचा दिवा लागे आणि विझे. पोत्यांच्या थप्पीमागे उंदराने ती कुरतडली होती! नवी केबल नळीतून नेली आणि तक्रार मिटली.

कारकुनास लागलेला बोल मात्र नळीत घालून झाकता येईना. त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी प्रथम त्याच्यापुढे हात जोडले. व्यापारीबंधूंनो, पेढीवर एक खात्रीची केबल जपून ठेवावी आणि ती लावून पाहण्यापूर्वी कोणासही बोल लावू नये.