सशाची खरूज, घराची खाज

वस्तीत ससा पाळणे आता नवीन राहिलेले नाही. बाजारातून पांढरा, लाल डोळ्यांचा ससा येतो, मुले त्याला कुशीत घेऊन बसतात. काही महिन्यांनी त्याच्या नाकावर, ओठांवर, पंजांवर पांढरट-करडी खपली धरू लागते. त्याच सुमारास मुलांच्या हातांवर आणि पोटावर पुरळ उठते. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणते, ससा सोडून द्या. दुसरे म्हणते, मेडिकलमधून काहीतरी आणून लावा. दोन्हींत नुकसान आहे. सोडलेला पाळीव ससा भटक्या कुत्र्यांपुढे टिकत नाही, आणि विचारल्याशिवाय आणलेल्या औषधाने घरातला ससाही दगावतो.

आम्ही माणसांच्या वॉर्डात काम केलेल्या परिचारिका. सशाच्या औषधाचा शेवटचा शब्द पशुवैद्यकाचाच. पण एकाच खोलीत माणूस आणि जनावर राहते, तिथे दोघांच्या आरोग्याचा विचार वेगवेगळा करता येत नाही. म्हणून हा लेख.

सशाला काय होते?

पहिला त्रास खरजेचा. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बिळे करतो. नाक, ओठ, कानांच्या कडा आणि पंजे इथे खपल्या येतात, ससा खाणे कमी करतो. दुसरा किडा कानात राहतो. कान आतून तपकिरी खपल्यांनी भरतो आणि ससा सारखे डोके झटकतो. ती खपली ओढून काढू नये, खाली कातडी सोललेली असते आणि फार दुखते.

तिसरा रोग आतड्यांचा आणि यकृताचा, कॉक्सिडिओसिस. कोंबड्यांत रक्ती हगवण होते, त्याच कुळीचा हा रोग, मात्र सशाचे जंतू वेगळे. एक ते चार महिन्यांच्या पिलांना तो जास्त मारतो. पोट फुगते, लेंडी पातळ होते, वजन घटते आणि पिल्लू पाहता पाहता जाते. हा रोग माणसाला होत नाही.

चौथा त्रास पावसाळ्यातला. ढुंगणाकडचे केस लघवी-लेंडीने ओले राहिले की माशी तिथे अंडी घालते. एका दिवसात अळ्या होतात आणि जिवंत सशाचे मांस खातात. अळ्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

औषधाच्या आधी झाडू

अनेकजण विचारतात, सशाला दर महिन्याला जंताचे औषध द्यायचे का? सरसकट द्यायची गरज नसते. लेंडी तपासून जंत निघाले, तर पशुवैद्यक औषध देतात. प्रतिबंधाचे खरे काम रोजच्या सफाईने होते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

कॉक्सिडिओसिसच्या जंतूंची बीजे लेंडीतून बाहेर पडतात. पण ताजी लेंडी लगेच रोग देत नाही. ती बीजे ओलाव्यात पिकायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे रोज सकाळी पिंजरा झाडला, तर रोग पिकण्याआधीच घराबाहेर जातो. ही बीजे फिनाईलला दाद देत नाहीत. उकळते पाणी आणि कोरडेपणा यांनी मरतात. आठवड्यातून एकदा ससा बाजूला ठेवून पिंजऱ्यावर उकळते पाणी ओतावे आणि पिंजरा कडक उन्हात वाळवावा.

पिंजऱ्याला जाळीचा तळ असेल तर लेंडी खाली पडते, ते चांगले. पण नुसत्या तारेने पाय सोलतात. म्हणून अर्ध्या भागात गोणपाट टाकावे आणि ते धुऊन वाळवून बदलत राहावे. दाणापाणी जमिनीवर न ठेवता भांड्यात द्यावे. रस्त्याकडेचे गवत, जिथे कुत्री घाण करतात, ते आणू नये. कुत्र्याच्या एका पट्टकृमीची अंडी अशा गवतावरून सशाच्या पोटात जातात. मुळ्याचा पाला, कोथिंबीर धुऊन, पाणी निथळून द्यावी.

पहाटे ससा आपलीच मऊ, चकचकीत लेंडी खाताना दिसला तर घाबरू नये. ती त्याची पचनाची रीत आहे, रोग नाही.

नवा ससा आणला तर दोन-तीन आठवडे जुन्यापासून वेगळा ठेवावा. आठवड्यातून एकदा नाक, कान, पंजे आणि शेपटीखाली बघावे. पावसाळ्यात शेपटीखाली दिवसातून दोनदा.

काय कधीही करू नये

कुत्र्यावर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब किंवा फवारा सशाला लावू नये, त्याने ससे मरतात. रॉकेल, जळके ऑइल, फिनाईल चोळू नये. ससा अंग चाटतो, म्हणजे लावलेले सगळे पोटात जाते.

लहान मुलांच्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या औषधातला चमचाभर पाजू नये. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे तोंडातून दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, जुलाब होतात आणि ससा जातो. शाळेत, अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांनी जरूर घ्यावी. पण ती मोडून सशाला देऊ नये, सशाच्या हाडातल्या मगजावर तिचा वाईट परिणाम होऊ शकतो.

खरजेवर पशुवैद्यक बहुधा आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कातडीखाली देतात. या औषधाच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळाले. औषध चांगले आहे, घोटाळा मात्रेत होतो. गाई-म्हशींसाठी मिळणाऱ्या १ टक्का बाटलीत एका मिलीलीटरला १० मिलिग्रॅम औषध असते. २ किलोच्या सशाला लागते ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०४ ते ०.०८ मिलीलीटर. एका मिलीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. घरच्या सिरिंजने हे मोजणे अवघड, आणि चूक झाली तर दहापट मात्रा जाते. म्हणून आधी वजन, मग डॉक्टरांच्या हातून औषध.

हे औषध किड्यांची अंडी मारत नाही. म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा द्यावे लागते, कधी तिसऱ्यांदाही. पहिल्या इंजेक्शननंतर खपली गळली की लोक जाणे सोडतात आणि महिन्याभरात खरूज परत येते. मग औषध खोटे ठरते, पैसे वाया जातात.

मुलांना खाज सुटली तर

सशाच्या खरजेचा किडा माणसाच्या कातडीवर संसार करू शकत नाही. ससा जिथे धरला जातो तिथे, म्हणजे दंडांवर, छातीवर, पोटावर पुरळ येते आणि सशावर उपचार झाले की साधारण थोड्या आठवड्यांत आपोआप जाते.

पण बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कमरेला, गुप्तांगावर खाज असेल, रात्री वाढत असेल आणि घरात दोघा-तिघांना असेल, तर ती माणसाची खरूज समजावी. ती सशाने दिलेली नाही आणि ससा सोडल्याने जाणार नाही. दवाखान्यात दाखवावे. सहसा ५ टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावतात, ८ ते १४ तासांनी धुतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे, खाज असो वा नसो. तान्ही बाळे आणि गरोदर बाई यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. मेडिकलमधली स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावू नयेत. त्यांनी खाज दबते, रोग पसरतो.

गोल, केस गेलेला चट्टा सशावर आणि तसाच गोल चट्टा मुलावर असेल तर तो नायटा असू शकतो. तो एकमेकांना लागतो, तेव्हा दोघांनाही दाखवावे.

खरूज झाली म्हणून कुणाला घाणेरडे म्हणायचे कारण नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण शेजारी शेजारी झोपतात, तिथे किडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाणारच. लाजेने लपवली की ती चाळभर फिरते.

एकट्या घराने भागत नाही

वस्तीतली मुले आपापले ससे एकत्र खेळवतात. एकावर उपचार झाले आणि शेजारचा राहिला, तर खरूज पुन्हा तिथेच. म्हणून गल्लीतल्या ससे पाळणाऱ्या घरांनी एक दिवस ठरवावा आणि सगळे ससे एकदम दाखवावेत. रविवारी विहारात बायका जमतात, तिथेच यादी करता येईल. मुंबईत परळचे जनावरांचे रुग्णालय आहे, ज्याला जुने लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जिल्ह्या-तालुक्याला पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत. जाताना दोन-चार ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत न्याव्यात, म्हणजे तपासणी त्याच फेरीत होते.

एका वहीत सशाचे वजन, औषधाची तारीख आणि पुढची तारीख लिहावी. ही वही घरातल्या मोठ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावी. दुसऱ्या इंजेक्शनची तारीख मोठ्यांच्या धावपळीत हुकते, मुले ती विसरत नाहीत.