दागिने विकून संस्था चालवायची, तर आधी मजुरीचा हिशेब मांडा



जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांत पावतीपुस्तके फिरू लागतात. मंडप, मिरवणूक, साऊंड यांसाठी वर्गणी जमते, कमी पडली तर एखादा पुढारी हात वर करतो आणि बॅनरवर त्याचा फोटो लागतो. पण विहारातल्या अभ्यासिकेचे वीजबिल, स्पर्धा परीक्षांची पुस्तके, मुलींच्या संगणक वर्गाची फी यांसाठी वर्षभर पैसा लागतो आणि तो जयंतीच्या वर्गणीतून उरत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी तरुण कार्यकर्ते एक नवा मार्ग विचारात घेत आहेत. वस्तीतल्या महिलांनी हाताने दागिने बनवायचे, ते प्रदर्शनात आणि मेळ्यात विकायचे आणि येणाऱ्या पैशातून संस्था चालवायची.

मार्ग चांगला आहे. संस्था स्वतःच्या पैशावर उभी राहिली की तिला कुणाच्या दारात जावे लागत नाही. मात्र यात एक धोका आहे आणि तो सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये. म्हणून हा लेख दक्षिण सोलापूर तालुक्यातले होटगी गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गणित कुठल्याही गावाला लागू पडेल.

विशाखा आणि रमाई

दागिना आणि संस्था यांचे नाते आपल्या परंपरेत जुने आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत विशाखेची कथा येते. जेतवनात धम्म ऐकायला गेलेल्या विशाखेचा महालता नावाचा अलंकार तिथेच राहिला. तो परत घरी न नेता विकून त्याचा पैसा संघासाठी वापरायचे तिने ठरवले. एवढा मोलाचा दागिना घेणारा श्रावस्तीत कुणी मिळेना, तेव्हा तिनेच त्याची किंमत भरली आणि त्या पैशातून पूर्वाराम विहार उभा राहिला.

दुसरी आठवण रमाईंची. धारवाडच्या वसतिगृहातली मुले उपाशी आहेत हे कळल्यावर रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. होटगी जंक्शनवरून विजापूर-गदगकडे फुटणारा रेल्वेमार्ग पुढे त्याच हुबळी-धारवाडच्या मुलखात जातो. इथल्या माणसाला धारवाड लांबचे वाटत नाही.

या दोन्ही आठवणींत एक गोष्ट सारखी आहे. दागिना देणारीचा स्वतःचा होता आणि द्यायचा निर्णयही तिचाच होता. आपण जेव्हा वस्तीतल्या वीस महिलांना दागिने बनवायला बसवतो आणि विक्रीचा पैसा संस्थेच्या खात्यात भरतो, तेव्हा देणारी कोण असते? तिने दिले की आपण घेतले? या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते.

सोलापूरचा धडा : विडी

सोलापुरात हजारो महिला घरी बसून विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते. तास मोजले जात नाहीत, पान खराब निघाले तर नुकसान वळणारीचे, आणि घरातली मुलगी शाळेतून आल्यावर हात लावते त्याची नोंद कुठेच होत नाही. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत ही लांबलचक लढ्याची कमाई आहे. घरबसल्या होणारे काम किती सहज स्वस्त ठरते, हे या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

दागिन्यांचे कामही घरबसल्याच होते. मणी ओवणे, रेशीम धागा गुंडाळणे, हूक बसवणे ही कामे स्वयंपाक आणि मुलांच्या मधल्या वेळात होतात. “ताई, समाजासाठी आहे” असे म्हटले की कुणी मजुरी मागत नाही. म्हणजे विडीच्या कारखानदाराविरुद्ध जे आपण बोलतो तेच विहारात करून बसतो, आणि तेही धम्माच्या नावाने.

एका कानातल्याचा हिशेब

समजा, होटगीतल्या महिलांनी रेशीम धाग्याचे कानातल्यांचे १०० जोड बनवले. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावचे भाव घालून ते बदलावेत.

एका जोडाचा खर्च असा :
- मणी, धागा, हूक, गोंद : ३५ रुपये
- पुठ्ठा आणि पिशवी : ५ रुपये
- मजुरी (तासाला ६० रुपयांनी अर्धा तास) : ३० रुपये
- एकूण : ७० रुपये

प्रदर्शन दोन दिवसांचे आहे. स्टॉलचे भाडे २,००० रुपये, प्रवास ६०० आणि जेवण ४०० धरले तर ३,००० रुपये होतात. जोडाची किंमत १३० रुपये ठेवली.

शंभरच्या शंभर जोड विकले गेले तर १३,००० रुपये येतील. त्यातून ७,००० रुपये बनवण्याचा खर्च आणि ३,००० रुपये स्टॉलचा खर्च वजा केला की संस्थेला ३,००० रुपये उरतात.

आता मजुरी धरलीच नाही असे समजा. नफा ६,००० रुपये दिसेल. अहवालात “महिला मंडळाने प्रदर्शनातून ६,००० रुपये मिळवले” असे छापून येईल. प्रत्यक्षात त्यातले ३,००० रुपये महिलांच्या ५० तासांच्या कष्टाचे आहेत. ते दान आहे, पण देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. ५०० रुपये देणाऱ्याचे नाव फलकावर लागते आणि ५० तास देणारीचे लागत नाही, हा आपल्याच चळवळीतला भेदभाव आहे.

सगळे विकले नाही तर?

पहिल्या प्रदर्शनात सगळा माल जातोच असे नाही. समजा ६० जोडच विकले. हातात ७,८०० रुपये आले. पण १०० जोडांचा माल आणि मजुरी मिळून ७,००० आणि स्टॉलचे ३,००० असे १०,००० रुपये आधीच गेलेले आहेत. खिशातून २,२०० रुपये जास्त गेले. शिल्लक ४० जोड घरी आले, त्यांची बनवण्याची किंमत २,८०० रुपये. कागदावर ६०० रुपये नफा आहे, पण वीजबिल कागदावरच्या नफ्याने भरता येत नाही.

इथेच बहुतेक उपक्रम मोडतात. पैसे अडकले की पहिली कात्री मजुरीला लागते. “पुढच्या प्रदर्शनानंतर देऊ” असे सांगितले जाते आणि चौथ्या महिन्यात महिला येईनाशा होतात. त्यामुळे तीन नियम सुरुवातीलाच ठरवावेत.

पहिला, मजुरी माल जमा झाला त्या दिवशी द्यायची. माल विकला जावो अथवा न जावो, तो धोका संस्थेचा.

दुसरा, किती नग विकले म्हणजे स्टॉलचा खर्च निघतो हे जाण्याआधी काढायचे. आपल्या उदाहरणात प्रत्येक जोडामागे ६० रुपये सुटतात, म्हणजे ३,००० रुपये निघायला ५० जोड विकावे लागतात. ५० जोड विकण्याची खात्री नसेल तर तो स्टॉल घेऊ नये किंवा दुसऱ्या गटाबरोबर वाटून घ्यावा.

तिसरा, अभ्यासिकेचे महिन्याचे बिल या पैशावर अवलंबून ठेवायचे नाही. हा पैसा पुस्तके, खुर्च्या, शिबिर अशा एकदाच होणाऱ्या खर्चाला वापरावा.

कुणी विकायचे : संस्थेने की गटाने?

नोंदणीकृत संस्थेला वस्तू विकता येतात. मात्र प्राप्तिकराची सूट टिकवायची तर तो व्यवसाय संस्थेच्या उद्दिष्टांना पूरक असावा लागतो आणि त्याचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. काही प्रकारच्या संस्थांना अशा उत्पन्नावर मर्यादाही आहे. त्यामुळे पहिल्या प्रदर्शनाआधीच सीएचा सल्ला घ्यावा.

सोपा मार्ग दुसरा आहे. विक्री महिलांच्या बचत गटाने करायची, बँक खाते गटाचे, हिशेब गटाचा. मजुरी आणि खर्च वजा जाता उरलेल्या रकमेपैकी किती संस्थेला द्यायची हे गटाच्या बैठकीत ठराव करून ठरवायचे आणि संस्थेने त्याची देणगी पावती द्यायची. यात देणारी कोण हे स्पष्ट राहते. ‘उमेद’ अभियानाशी जोडलेल्या गटांना महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत जाण्याची वाटही यातून मिळू शकते.

आणखी काही बाबी लक्षात ठेवाव्यात :
- विकत घेणाऱ्याने पैसे वस्तूसाठी दिलेले असतात. त्याला ८०जीची देणगी पावती देता येत नाही.
- महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे. लहान गटाला तिची काळजी नाही. मात्र विजापूर, कलबुर्गीच्या प्रदर्शनात माल न्यायचा असेल तर तो राज्याबाहेरचा व्यवहार होतो. तिथले नियम वेगळे आहेत, आधी विचारून घ्यावे.
- स्टॉलवर “प्रत्येक नगामागे इतके रुपये अभ्यासिकेला” असा फलक लावला तर तोटा झाला तरी तेवढे द्यावेच लागतात. त्यापेक्षा “मजुरी आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम अभ्यासिकेला” असे लिहावे. प्रदर्शनानंतर आठ दिवसांत पूर्ण हिशेब विहाराच्या फळ्यावर लावावा.

काय बनवायचे, काय नाही

बाजारात कारखान्याचे कानातले वीस-तीस रुपयांना मिळतात. त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करता येणार नाही. आपला माल वेगळा दिसला पाहिजे. सोलापूर हे चादरी आणि टॉवेलचे शहर. कापडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून गळ्यातले, कानातले बनवता येतात. पण सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि नकली चादरींचा त्रास विणकरांनी भोगला आहे. तुकडा खरोखर सोलापुरी चादरीचा असेल तरच तसे सांगावे. ऑक्सिडाइज्ड धातूला चांदी म्हणू नये. हुकांमुळे काहींच्या कानाला खाज येते, म्हणून निकेल नसलेले हूक घ्यावेत, चार रुपये जास्त गेले तरी चालतील.

पिंपळपान, कमळ, स्तूपाचा आकार, पंचशील ध्वजाचे रंग ही आपली ओळख आहे. मात्र राजमुद्रेवरचे चार सिंह आणि राष्ट्रध्वजातले अशोकचक्र व्यापारी वस्तूंवर वापरण्यावर १९५० आणि २००५ च्या कायद्यांनी बंधने आहेत. ते टाळावे. बुद्धांची किंवा बाबासाहेबांची प्रतिमा पैंजणावर, चपलेवर कधीही नको. आणि ६ डिसेंबर हा अभिवादनाचा दिवस आहे. त्या दिवशी आपल्या स्टॉलवर पुस्तके असावीत, दागिन्यांसाठी वर्षात इतर दिवस आहेत. जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा असते, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने असतात, बचत गटांची प्रदर्शने असतात.

सम्यक आजीविका म्हणजे काय

भगवान बुद्धांनी उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. दागिने त्या यादीत नाहीत, म्हणून आपला व्यवसाय आपोआप सम्यक ठरतो असे नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन व्यवसायात, एक संकटासाठी राखून. त्याच सुत्तात मालकाची कर्तव्येही येतात आणि त्यांत कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम आणि योग्य वेतन देणे आहे. गटाच्या प्रत्येक प्रदर्शनानंतर हे दोन मुद्दे वाचले तरी पुरे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शिक्षणाबरोबर समाजाची आर्थिक स्थिती सुधारणे हेही तिचे उद्दिष्ट होते. सभेचे वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सुरू झाले, सोलापूर नगरपालिका त्याला महिन्याला ४० रुपये अनुदान देत असे. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात मुलांच्या शिक्षणासाठी रुपया रुपया जमवला गेला. आज आपल्या हातात कौशल्य आहे, बाजार आहे, बँक खाते आहे. तेव्हा जमवलेल्या रुपयाला जो मान होता, तोच मान आज मणी ओवणाऱ्या ताईच्या अर्ध्या तासाला मिळाला पाहिजे.

तरुण मित्रांनो, पहिल्या बैठकीत डिझाइन, लोगो, इन्स्टाग्राम पेज यांची चर्चा होईलच. त्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा : नाव, तास, मजुरी. मजुरी हातात मिळाल्यावर एखाद्या ताईने स्वखुशीने त्यातले काही संस्थेला दिले, तर त्याची पावती तिच्या नावाने फाडा आणि तिचे नाव फलकावर सर्वांत वर लिहा. विशाखेच्या आणि रमाईच्या दानाशी आपले नाते तिथून सुरू होते.