भीमथडी वछेरा : घाई केली तर पुंजी बुडेल

वेळणेश्वर-हेदवी पट्ट्यातील एका वाचक बंधूंनी आम्हाला विचारले आहे की, आखातात नोकरी करून जमविलेल्या बचतीतून भीमथडी जातीचा दीड-दोन वर्षांचा वछेरा घ्यावा काय? किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या, लग्नसराईत वराती आणि पुढे घोडीवर नर सोडण्याचा मोबदला, अशा तीन वाटांनी उत्पन्न होईल, असा त्यांचा हिशोब आहे. हा प्रश्न अनेकांच्या उपयोगाचा असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

घोड्याचा व्यापार कोकणाला नवा नाही. वेळणेश्वरच्या उत्तरेला, वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले दाभोळ हे बहामनी काळात घोड्यांच्या आयातीचे नामांकित बंदर होते. पंधराव्या शतकात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन याने दाभोळला अरबस्तान व खुरासानकडून घोडे उतरत असल्याचे लिहून ठेवले आहे. तो स्वतःही विक्रीसाठी एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. असे अरबी व तुर्की घोडे घाट चढून देशावर गेले आणि भीमा-नीरेच्या खोऱ्यात स्थानिक तट्टांशी त्यांचा संकर झाला. त्यातून दख्खनी म्हणजेच भीमथडी घोडा तयार झाला. मराठ्यांच्या फौजेत नावाजलेला हा काटक घोडा पुढे मुख्यतः मेंढपाळ धनगरांनी टिकवला. त्यांचा संसार आजही त्याच्या पाठीवरून हिंडतो. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्यामुळे चांगल्या नराला पुढे मागणी येईल, ही आमच्या वाचकांची अटकळ चुकीची नाही. चूक आहे ती घाईची.

वय दातांवरून पाहा

अकलूज किंवा सारंगखेड्याच्या बाजारात विकणारा सांगेल ते वय धरू नये. घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला व कडेचे साडेचारला. पाच वर्षांत तोंड पूर्ण होते. सगळे दुधाचेच दात असतील तर "तीन वर्षांचा, स्वारीला तयार" हे बोलणे खोटे समजावे. सौदा ठरण्यापूर्वी पशुवैद्याकडून पाय, डोळे, श्वास आणि दोन्ही वृषण तपासून घ्यावेत. ग्लँडर्स व सर्रा या रोगांसाठी रक्त तपासून घ्यावे. ग्लँडर्स माणसालाही होतो. तो निघाला तर कायद्याने जनावर मारावे लागते.

हाडे पिकू द्या

वछेरा दोन वर्षांत उंचीला पुरा दिसतो आणि मालकाला मोह होतो. पण त्याच्या गुडघ्याची हाडे अडीच वर्षांच्या आसपास पिकतात आणि पाठीचा कणा तर पाच वर्षे उलटेपर्यंत पक्का होत नाही. कोवळ्या पाठीवर रोज पर्यटक बसवले तर पाठ खचते, सांधे सुजतात आणि वीस वर्षे कामाला येणारे जनावर सहाव्या वर्षी निकामी होते.

म्हणून शिक्षणाचा क्रम असा ठेवावा. पहिल्या वर्षात अंगावर हात फिरवणे, खरारा, पाय उचलू देणे आणि मोरखी घालून चालणे एवढेच. दुसऱ्या वर्षी हातात धरून रस्त्याने फिरवावे. मोटारीचा भोंगा, उघडी छत्री, बँड यांची ओळख दुरून करून द्यावी आणि रोज थोडे जवळ न्यावे. दीड वर्षाच्या सुमारास नर वयात येऊ लागतो, तेव्हापासून त्याला घोड्यांपासून व घोडींपासून वेगळे, पण त्यांच्या नजरेसमोर बांधावे. एकलकोंडा नर चिडखोर होतो. अडीचनंतर रिकामे खोगीर व लगाम. तीन पुरी झाल्यावर हलका स्वार, पंधरा-वीस मिनिटे, तेही एक दिवसाआड. पुरे काम चार-साडेचारच्या पुढे.

नराला चावण्याची खोड असते. त्याला हाताने गूळ-चणे भरवू नयेत, चंदी तोबऱ्यात द्यावी. चूक केली तर त्याच क्षणी आवाजाने रोखावे. मागाहून दिलेला मार त्याला कळत नाही. जनावराच्या तोंडावर मारण्यास तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. अनुभवी चाबुकस्वार मिळत असेल तर त्याची मजुरी वाचवू नये.

कोकणातील खबरदारी

भीमथडी हा कोरड्या माळाचा घोडा आहे. पावसाळ्यात थान ओले राहिले की खुरांच्या तळाला सड लागते. जमीन उंच व उताराची करावी, रोज खूर साफ करावेत, दीड महिन्याने नालबंदाला दाखवावे. बुरशी धरलेला पेंढा देऊ नये. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे खराब खाणे थेट पोटशूळ आणते. वाळूवर वैरण टाकू नये. पोटात वाळू साचून जनावरे मरतात. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे. डांस-माश्यांपासून सर्रा पसरतो, म्हणून शेण-मूत साचू देऊ नये. धनुर्वाताची लस चुकवू नये.

हिशोब पुन्हा मांडा

आता उत्पन्नाकडे येऊ. पहिली दोन-अडीच वर्षे वछेरा फक्त खाणार आहे. निकितिननेसुद्धा घोडा पोसण्याचा खर्च टिपून ठेवला होता. आपणही वैरण, चंदी, मोतद्दार, नाल व औषध यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी.

दुसरे, किनाऱ्यावरील गर्दीत लहान मुलांच्या फेऱ्यांना तरुण नर कधीच योग्य नाही. एक लाथ बसली तर धंदाही गेला आणि अब्रूही. स्थानिक परवानगी लेखी घ्यावी. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा उठला, हे विसरू नये.

तिसरे आणि महत्त्वाचे, घोडीवर नर सोडण्याचे ठरवून पैसे घेण्यास सहीह हदीसमध्ये मनाई आली आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत आणि त्या मसलकात असा मोबदला जायज मानलेला नाही. न ठरवता कोणी भेट दिली तर ती घेण्यास मुभा आहे. अधिक खुलासा आपल्या भागातील आलिमांकडून करून घ्यावा. परंतु ही रक्कम जमेच्या बाजूला धरून बचत गुंतवू नये. स्वतःची घोडी असेल तर तिची शिंगरे विकणे मात्र हलाल व्यापार आहे.

म्हणून आमचा सल्ला असा : आधी पाच-सात वर्षांची, शांत, शिकलेली भीमथडी घोडी घ्यावी. फेऱ्या व वरातीचे काम ती आजपासून करील आणि पुढे शिंगरूही देईल. तिच्या कमाईवर घर आणि तबेला चालू लागला, तरच वछेरा आणावा, तोही व्याजी कर्ज न काढता. घोड्यात खैर व बरकत आहे, हे आपल्याला शिकवलेलेच आहे. पण ती सब्र करणाऱ्याच्या पदरात पडते. दोन वर्षांच्या पाठीवर घाईने खोगीर कसणाऱ्याच्या नव्हे.