कुंडी रिकामी नाही, कंद झोपला आहे



दिवाळी सरली की मे फ्लॉवरची पाने पिवळी पडू लागतात. काही आठवड्यांत कुंडीत नुसती माती दिसते आणि झाड मेले असे समजून पुष्कळदा ती ओतून टाकली जाते. पण मातीखाली कंद जिवंत असतो. पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न साठवून तो विश्रांती घेत असतो.

ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी सुमारे 12 ते 16 आठवडे कडक थंडी लागते. ती श्रीनगरला मिळते, नंदगडला नाही. मे फ्लॉवर मूळचे आफ्रिकेतले. त्याला कडक थंडी नको, कोरडी विश्रांती हवी. म्हणून आपल्याकडे ते सहज फुलते.

काळजी अशी घ्यावी :

1. पाने हिरवी असेपर्यंत कापू नयेत. ती पूर्ण वाळल्यावर पाणी बंद करावे. या काळात पाणी दिल्यास कंद कुजतो.

2. कुंडी पाणी पडणार नाही अशा जागी, पडवीत ठेवावी.

3. वळवाच्या पावसाच्या सुमारास कोंब दिसला की थोडे थोडे पाणी सुरू करावे.

4. नवीन कंद 8 ते 10 इंची, तळाला भोक असलेल्या कुंडीत लावावा. दोन वाटे तांबडी माती, एक वाटा वाळू व एक वाटा कुजलेले शेणखत घ्यावे. कंदाचे टोक मातीच्या पातळीवर ठेवावे. दरवर्षी कंद उकरू नये.

एक सूचना महत्त्वाची. हा कंद कांद्यासारखा दिसतो, पण विषारी आहे. तो स्वयंपाकघरात ठेवू नये. कुंडीवर नावाची चिठ्ठी लावावी व हाताळल्यावर हात धुवावेत.

आता अडचण अशी, की लाल चेंडूसारखे हे फूल उमलते मे महिन्यात आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. हिवाळाभर ज्याने कुंडी सांभाळली, त्यालाच फूल पाहायला मिळत नाही. म्हणून सुट्टीपूर्वी शाळेतील एकेक कुंडी एकेका विद्यार्थ्याने घरी न्यावी व जूनमध्ये परत आणावी, असे आम्ही सुचवितो. पालकांनी तिला घरात सुरक्षित जागा द्यावी आणि विश्वस्तांनी या योजनेस संमती द्यावी, ही नम्र विनंती.

वरून काही दिसत नसतानाही धीराने सांभाळणे, हा धडा मुलांना या कुंडीतून मिळेल, असा आम्हास विश्वास वाटतो.

— मुख्याध्यापक